छातीवर कुणी बसत नाही

पहाटे जाग येते. खोली ओळखीची असते, पंखा फिरत असतो, शेजारी झोपलेल्या भावाचा श्वास ऐकू येत असतो. पण हात उचलत नाही, मान वळत नाही, हाक मारावी तर तोंडातून शब्द फुटत नाही. दाराशी कुणीतरी उभं आहे याची खात्री पटते. मग ते जवळ येतं, छातीवर बसतं, श्वास कोंडतो. मिनिटभरात सगळं सुटतं आणि माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

सांगली-मिरजेपासून जत-कवठेमहांकाळपर्यंत कुठेही विचारा, ही हकिकत सांगणारा भेटतोच. त्यावरचं निदानही ठरलेलं असतं: मुंजानं धरलं, हडळ बसली, बाहेरचं लागलं. मग देवऋषी, अंगारा, गंडादोरा, लिंबाचा उतारा. विशी-बाविशीतली पोरं भीतीपोटी महिनोन्‌महिने दिवा चालू ठेवून झोपतात आणि कुणाला सांगत नाहीत. म्हणून हा लेख. या अनुभवाला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि तो अजिबात दुर्मीळ नाही. २०११ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं असतं.

झोपेत मेंदू स्वस्थ पडून असतो, असा समज फार काळ होता. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी तो मोडला. असेरिन्स्कीनं आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्रभर नोंदी घेतल्या होत्या. झोपेत ठरावीक अंतरानं डोळ्यांची बुबुळं झपाझप फिरतात, हे त्यांतून दिसलं. त्या वेळी उठवलेल्या माणसांनी बहुतेकदा स्वप्न सांगितलं. हीच रेम झोप. साधारण दर ९० मिनिटांनी ती येते आणि पहाटेकडे तिचा कालावधी वाढत जातो.

माझ्या मते खरी कमाल त्यापुढच्या शोधात आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल झुव्हे मांजरांच्या झोपेचा अभ्यास करत होते. १९५९ च्या सुमारास त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. मेंदूच्या लहरी जाग्या मांजरासारख्या, पण मानेच्या स्नायूंमधली विद्युत हालचाल पार शून्य. साध्या गाढ झोपेतही स्नायूंत थोडा ताण उरतो. इथे तोही नव्हता. मेंदू जागा आणि शरीर मात्र निपचित, म्हणून झुव्हेंनी या अवस्थेला विरोधाभासी झोप म्हटलं. पुढे १९६५ मध्ये त्यांनी मेंदूच्या देठातल्या, पॉन्स नावाच्या भागातल्या एका लहानशा जागी इजा केलेल्या मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ही मांजरं रेम झोपेत शिरली की उठून उभी राहत, न दिसणाऱ्या भक्ष्यावर दबा धरत, पाठ कमानीसारखी करून फिस्कारत, झडप घालत. समोर काय आहे याची त्यांना दखलही नसे, कारण ती झोपेतच होती. मांजराचं स्वप्न माणसाला बाहेरून बघायला मिळालं!

याचा अर्थ असा की स्वप्नात धावण्याचा, ओरडण्याचा, मारण्याचा हुकूम मेंदू खरोखरच सोडत असतो, आणि तो स्नायूंपर्यंत पोचू नये म्हणून वाटेत वेगळा बंदोबस्त असतो. ट्रॅक्टरचा क्लच दाबून धरावा, इंजिन घरघरत राहावं आणि चाक जागचं हलू नये, तसं हे काम आहे.

आता हा क्लच दाबतो कोण, ते जरा सविस्तर सांगतो. पॉन्समधल्या काही पेशी रेम झोपेत सक्रिय होतात. त्या खालच्या बाजूच्या लंबमज्जेतल्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या तळाच्या भागातल्या पेशींना उद्दीपित करतात. या दुसऱ्या पेशींचे धागे मज्जारज्जूतल्या चालक पेशींपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष स्नायू हलवणाऱ्या पेशींपर्यंत उतरतात आणि तिथे ग्लायसीन आणि गाबा ही दोन रसायनं सोडतात. चालक पेशीच्या पडद्यातल्या क्लोराइडच्या वाटा त्यामुळे उघडतात. ऋणभारित क्लोराइड आत शिरला की पेशीच्या आतला विद्युतदाब आणखी उणे बाजूला सरकतो, आणि वरून आलेला हुकूम कितीही जोरात असला तरी पेशी पेटण्याच्या पातळीपर्यंत पोचत नाही. त्याच वेळी चालक पेशींना एरवी तयारीत ठेवणारी नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही रसायनंही आटतात. म्हणजे ब्रेक लागतो आणि इंधनही तुटतं. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या जबड्याच्या स्नायूंवर याचा बारकाईनं तपास केला. नुसतं ग्लायसीन अडवून स्नायू सुटले नाहीत. गाबाचा एकच ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ते रसायन पकडणारी पेशीवरची जागा, अडवूनही सुटले नाहीत. ग्लायसीनचा ग्राहक आणि गाबाचे अ आणि ब असे दोन्ही ग्राहक एकदम बंद केले, तेव्हा कुठे झोपेतला जबडा हलायला लागला. स्वप्नातल्या माणसाला अंथरुणात सुरक्षित ठेवण्यासाठी निसर्गानं इतका पक्का बंदोबस्त केलेला आहे, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

स्लीप पॅरालिसिसमध्ये बिघडतं ते फक्त वेळेचं गणित. माणूस जागा होतो, पण ग्लायसीन-गाबाचा बंदोबस्त आणि स्वप्नाची यंत्रणा काही क्षण मागे रेंगाळते. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, या बंदोबस्तातून वगळलेले असतात, म्हणून नजर फिरते आणि श्वासही चालू राहतो. बरगड्यांमधले स्नायू मात्र सैल पडलेले असतात. घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की छाती वर येत नाही, आणि छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं. प्राणवायू कमी पडत नाही, तो पुरवठा श्वासपटल करतच असतं.

मग दाराशी उभं असतं ते कोण? रेम झोपेत भीतीशी निगडित असलेला, अमिग्डाला नावाचा मेंदूचा भाग जोरात काम करत असतो. शिवाय आपलं शरीर कुठे आहे याचा हिशेब ठेवणारा मेंदूचा एक भाग कानाच्या वर-मागे आहे. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीची तपासणी करताना डाव्या बाजूच्या या भागाला सौम्य वीज दिली, तेव्हा तिला आपल्या मागे एक सावलीसारखा माणूस असल्याचं जाणवलं. ती गुडघ्यांना मिठी घालून बसली, तर त्यानं आपल्यालाच मिठी मारल्याचं तिला वाटलं. तारेतून वीज गेली आणि भूत उभं राहिलं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी चेटकीण बसते, आपल्याकडे मुंजा. अनुभव मेंदू घडवतो, आणि त्या सावलीला चेहरा देतात लहानपणी ऐकलेल्या गोष्टी.

हे कुणाला जास्त होतं, तेही आता कळेल. ज्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्री असते, त्या आठवड्यात उसाला दारं धरून पहाटे अंथरुणाला टेकणारा शेतकरी, साखर कारखान्यातला रात्रपाळीचा कामगार, भरतीच्या परीक्षेसाठी अभ्यासिकेत रात्री जागणारी मुलं. तुटलेली झोप आणि पहाटेची वेळ एकत्र आली की रेम झोप लवकर आणि जोरात येते. उताणं झोपण्यात हा प्रकार अधिक होतो, म्हणून कुशीवर झोपावं आणि झोपेची वेळ शक्य तितकी सांभाळावी. झटका आलाच तर छाती फुगवायची धडपड करू नये. डोळे फिरवावेत, श्वास चालतोय तसा चालू द्यावा. दिवसाही अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं.

झोप लागावी म्हणून रोज थोडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दारूनं डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या पहिल्या भागातली रेम झोप ती दाबून टाकते, आणि उत्तररात्री झोप फाटते. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांनी हात थरथरणं, घाम, भिंतीवर साप-किडे दिसणं, नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होऊ शकतं. गाबाच्या जोरावर दाबलेला मेंदू उसळून वर येतो, त्याचा हा परिणाम. यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला देवऋषाकडे नेणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. त्याला त्याच रात्री दवाखान्यात न्यायला हवं. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि साताऱ्यातून आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्धची लढाई लढलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ सालच्या खुनानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा गुन्हा आहे. याच्या उलट्या टोकाची फसवणूकही हल्ली मोबाइलवर जोरात आहे. तिसरा डोळा म्हणजे पिनियल ग्रंथी, ती डीएमटी नावाचं भास घडवणारं रसायन सोडते आणि स्वप्नं पडतात, असं सांगून शिबिरांची फी घेतली जाते. माणसाच्या पिनियल ग्रंथीत स्वप्नं पाडण्याइतकं डीएमटी तयार होतं, असं कुणीही दाखवलेलं नाही.

झुव्हेंच्या मांजरांना झालं तेच माणसातही होतं. १९८६ साली मिनियापोलिसमधल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी त्याची नोंद केली. बहुतेकदा पन्नाशीपुढचे पुरुष, झोपेत बुक्क्या मारतात, शिव्या देतात, पलंगावरून उडी घेतात. उठवलं तर कुणीतरी मागे लागल्याचं स्वप्न सांगतात. घरात यावर हसतात, आजोबांच्या झोपेतल्या कुस्त्या म्हणून पाहुण्यांना सांगतात. छातीवर बसणाऱ्या मुंजापायी गावभर धावाधाव होते आणि तो निरुपद्रवी असतो. इथे मात्र बंदोबस्त करणाऱ्या पेशीच झिजू लागलेल्या असतात, आणि अशा रुग्णांपैकी बहुतेकांना पुढच्या काही वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. आजोबा झोपेत हात उगारत असतील तर पलंगाजवळची काच, लोखंड बाजूला करा आणि त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा.