डोळ्याला काळा, कॅमेऱ्याला तांबडा

चाळीसगावहून पाटणादेवीला जाताना, देवळाच्या बरंच अलीकडे, ओढ्याच्या काठाला एक बसका काळा दगड आहे. गेली चार वर्षं मी त्याच दगडावर उभा राहून समोरच्या एकाच डोंगराचे फोटो काढतोय. पौष असो की ज्येष्ठ, चौकट तीच. घरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, आणि पहिलं वर्षभर मलाही तसंच वाटत होतं.

मत बदललं ते एका पळसामुळे. फेब्रुवारी संपत आला होता. सूर्य डोंगराआड गेला आणि उतारावरचा फुललेला पळस डोळ्यांदेखत विझायला लागला. आधी तांबडा, मग तपकिरी, मग चक्क काळा. गंमत म्हणजे त्याच्या बाजूचं वाळकं गवत मात्र उलट उजळ दिसत होतं. मी फोटो काढला, तर स्क्रीनवर पळस पेटलेलाच! गुरं घेऊन परतणारे एक आजोबा थांबून डोकावले. झाडाकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "तुना मोबाईल खोटं बोलस रे भो."

खोटं बोलत होते खरं तर आमचे दोघांचे डोळे. भरपूर उजेडात आपण डोळ्यातल्या शंकूपेशींनी पाहतो आणि उजेड कमी झाला की काम दंडपेशींकडे जातं. या दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला फार संवेदनशील असतात आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे तिन्हीसांजेला तांबडी वस्तू आधी काळवंडते, हिरवी-निळी उशिरापर्यंत तग धरते. १८२५ मध्ये पुर्किंजे या शरीरशास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून त्याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. कॅमेऱ्यात असा पाळीबदल नसतो. दुपारी जे संवेदक (सेन्सर) काम करतात, तेच संध्याकाळीही.

पण म्हणून कॅमेरा खरा, असंही नाही. भर दुपारी याच पळसाचा फोटो काढून बघा. पाकळ्यांच्या शिरा, त्यांच्यावरची रेशमी लव, पोपटाच्या चोचीसारखा बाक, सगळं गायब; नुसता कुंकवाचा गोळा फासल्यासारखं दिसतं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर रंगीत चौकटींची जाळी असते. कोडकमधल्या ब्राइस बायर यांची ही कल्पना, पेटंट १९७६ चं. दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. पळसाचा केशरी-तांबडा प्रकाश तांबडी चौकट काठोकाठ भरतो आणि ती ओसंडून गेली की पुढचा तपशील नोंदवायला जागाच उरत नाही. कॅमेरा उजेड मोजतो तो मुख्यतः सगळ्या चित्राची सरासरी धरून, आणि आजूबाजूला करड्या फांद्या असल्यामुळे त्याला वाटतं, सगळं ठीक आहे. उपाय साधा आहे: फुलावर बोट टेकवा आणि उजेड बराच खाली ओढा. चित्र अंधारं वाटेल, पण शिरा परत येतील. मी तर ऊन पाकळीच्या मागून येईल असा उभा राहतो. मग ती लव कडेने रुपेरी चमकते.

आता पळसाला पानं नसताना फुलं का? आपल्याकडच्या पानगळीचं युरोपातल्या पानगळीशी नातं जोडायची सवय शाळेच्या पुस्तकांनी लावली आहे. तिथे पानं झडतात ती दिवस लहान होऊन थंडी पडते म्हणून. खान्देशातलं जंगल शुष्क पानझडीचं. इथलं झाड पाण्याचा हिशेब बघतं. जमिनीतली ओल आटली की पानांतून वाफ होऊन पाणी जाणं, म्हणजे बाष्पोत्सर्जन, परवडत नाही, म्हणून पानं टाकायची. पानं गेली की खोडात आणि फांद्यांत थोडं पाणी पुन्हा साठतं, आणि त्यावर कळ्या फुलतात. शिवाय निष्पर्ण झाडावरचं फूल मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांना लांबूनच दिसतं. कुसुंबाची नवी पालवी तर मार्च-एप्रिलमध्येच, पावसाला दोन-तीन महिने असताना येते, तीही लालभडक. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरतं, तोवर अँथोसायनिन हे रंगद्रव्य त्याला झाकून ठेवतं. अनोळखी माणूस लांबून ती फुलंच समजतो.

मे महिन्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बहाव्याचे पिवळे घोस सोडले तर त्या दिवसांत लांबच्या डोंगराचा फोटो सहसा काढू नये. तापलेल्या जमिनीवरची हवा थराथराने हलत असते, प्रत्येक थर प्रकाशाला वेगळं वाकवतो (त्याचा अपवर्तनांक वेगळा), आणि भारी लेन्सनेही डोंगर पाण्यात बुडल्यासारखा येतो. सकाळी सातच्या आत उरकावं, नाहीतर घरी बसून आमरस खावा.

पाऊस पडला की डोंगर हिरवा होतो, पण फोटोत मात्र पांढरट, तेलकट दिसतो. ओल्या पानावरून आभाळ परावर्तित होतं आणि तो पांढरा चकाका पानाच्या हिरव्यावर बसतो. हा चकाका बऱ्याच अंशी ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात. पाण्याच्या बाबतीत पृष्ठभागाच्या लंबापासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात तर जवळजवळ पूर्णपणे. लेन्सवर ध्रुवक फिल्टर लावून हळूहळू फिरवला की एका क्षणी चकाका उतरतो आणि खालचा हिरवा वर येतो. फिल्टर नसेल तर जुना गॉगल फोनसमोर धरून बघा. तो ध्रुवक असेल तर काम भागतं.

याच दिवसांत दगडापाशी तेरडा माजतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण मला वेड लावलं ते त्याच्या शेंगेनं. पिकलेली शेंग चिमटीत धरली की फटकन फुटते आणि बिया उडतात. पेशींतल्या पाण्याच्या दाबाने ताणलेल्या पाच झडपा एकदम वळतात, एवढंच. ते टिपायला मी फोन सेकंदाला २४० चौकटींवर लावला आणि अख्खी सकाळ शेंगा दाबत बसलो. दोन चौकटींमध्ये जेमतेम चार मिलिसेकंद. एका चौकटीत शेंग शाबूत, पुढच्या चौकटीत झडपांच्या पाच गुंडाळ्या. मधलं काही हाती लागलं नाही. कळलावी त्या मानाने धीराची: पाकळ्या आधी पिवळट-हिरव्या, मग दिवसागणिक तांबड्या होत मागे वळतात. पुढच्या रविवारी आलात तरी चालतं.

हिवाळ्यात मी दगड सोडून सातपुड्यात जातो, तोरणमाळ नाहीतर अक्कलकुव्याच्या डाबकडे. थंडीचा कडाका वाढला की इकडे 'दवबिंदू गोठले' अशी बातमी येते आणि मग कुणीतरी विचारतंच, "पारा तर चारवर होता, बर्फ कसा झाला?" हवेचं तापमान मोजतात ते जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत. निरभ्र, कोरड्या, बिनवाऱ्याच्या रात्री गवताचं पातं आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडत राहतं आणि आसपासच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतं. त्यात थंड हवा जड, म्हणून ती उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. डाबची थंडी त्या बशीत साठते.

पहाटे एका पाड्याजवळ हे मी अक्षरशः पाहिलं. चुलींचा धूर सरळ वर गेला, तीन-चार पुरुष उंचीवर छताला लागल्यासारखा थांबला आणि आडवा पसरला. खाली थंड हवा, वर उबदार. तापमानाचा उलटा क्रम धुराने रेघ मारून दाखवला होता.

गवतावरचा बर्फ जवळून टिपला तर त्यात रात्रीची हकीकत असते. काचेच्या मण्यांसारखे पारदर्शक गोळे असतील तर आधी दव पडलं आणि मग गोठलं. पांढऱ्या पिसांसारख्या सुया असतील तर वाफेचा पाणी न होता थेट बर्फ झालाय. जीपच्या टपावर मला दोन्ही शेजारी शेजारी मिळाले. ते टिपताना आणखी एक गोष्ट: कॅमेरा सगळ्या पांढऱ्याला करडं करू पाहतो, म्हणून इथे पळसाच्या उलट, उजेड थोडा वर ओढायचा. त्या सकाळी मी शहाणपणाने गारठलेला कॅमेरा चुलीपाशी घेऊन बसलो. लेन्सवर लगेच वाफ धरली, मी ती मफलरने पुसली, आणि पुढचे चाळीस फोटो ओघळांसकट आले. कॅमेरा पिशवीत बंद करूनच उबेत न्यायचा असतो.

जंगल विरळ होतं तेव्हा पक्षीही दिसतात. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा पुन्हा सापडला, तब्बल ११३ वर्षांनी. घुबडाच्या कुळातला असून हा दिवसाही हिंडतो. तो दिसला तर लांबूनच बघा. फोटोसाठी आवाज वाजवून त्याला बोलावू नका.

दगडावरच्या फोटोंचं मी काय करतो? साधं गणित. फोटोतल्या डोंगराच्या तुकड्याचे तांबडा, हिरवा, निळा हे आकडे काढायचे आणि हिरव्याला तिघांच्या बेरजेने भागायचं. समजा श्रावणात ते ९०, १२० आणि ७० आले, तर १२० भागिले २८०, म्हणजे ०.४३. चैत्रात १४०, १२५ आणि ११० आले तर ०.३३, म्हणजे हिरवा रंग फक्त आपल्या वाट्यापुरता. जगभर जंगलांवर रोखलेल्या स्थिर कॅमेऱ्यांतून शास्त्रज्ञ पालवी आणि पानगळीच्या तारखा याच गुणोत्तराने काढतात. अट एकच: रंगसमतोल (व्हाइट बॅलन्स) स्वयंचलित ठेवायचा नाही आणि वेळ बदलायची नाही. माझं पहिलं अख्खं वर्ष यातच वाया गेलं, कारण फोन दर वेळी आपल्या मनाने डोंगर 'सुंदर' करत होता.

परवा आजोबा पुन्हा भेटले. मी फोनवरचा आलेख दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, परत दिला आणि डोंगराकडे बोट केलं, "औंदा पयस लवकर फुलना." म्हणजे यंदा पळस लवकर फुलला. आलेखात त्याचा मागमूस नव्हता. नसणारच. मी मोजत होतो हिरवा आणि पळस तर तांबडा. आता तांबड्याचंही गुणोत्तर काढायला घेतलंय, पहिलं वाया गेलेलं वर्ष सोडून बाकी सगळ्या वर्षांचं.