तांडा (लष्करी रसद)

तांडा : लादलेल्या बैलांचा व्यापारी काफिला. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उत्तर हिंदुस्थान व दख्खनमधील मोठ्या स्वाऱ्यांना धान्य आणि मीठ पुरविण्याचे काम प्रामुख्याने या तांड्यांनी केले. बंजारा समाजाची वस्ती हा तांडा शब्दाचा आजचा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रस्तुत नोंद फौजेमागे चालणाऱ्या तांड्यापुरती मर्यादित आहे.

तांडा हा फौजेचा भाग नसे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. तांड्याचा नायक स्वतःच्या किंवा सावकाराच्या भांडवलावर धान्य खरेदी करी, ते आपल्या बैलांवरून छावणीत आणी आणि तेथील बाजारात विकून नफा घेई. सेनापतीच्या हाती हुकूम नसे, फक्त आमिष असे : जकात माफ करणे, वाटेत नाकेबंदी होऊ नये म्हणून दस्तक (प्रवासाचा परवाना) देणे, सोबतीला स्वार देणे, आणि आपल्याच शिपायांनी गोण्या लुटू नयेत एवढा बंदोबस्त ठेवणे. त्या काळातील स्वारीचे ‘नियोजन’ बऱ्याच अंशी एवढेच होते. नायकाला येणे परवडले पाहिजे.

व्युत्पत्ती : बंजारा (जुन्या मराठी कागदांत वणजारी, वंजारी) या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. पहिली संस्कृत ‘वणिज्’, ‘वाणिज्य’ यांपासून वणज आणि वणजार अशी. दुसरी फार्सी ‘बिरिंज’ म्हणजे तांदूळ या शब्दावरून, म्हणजे तांदूळ आणणारा. दुसरी व्युत्पत्ती इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या ‘ब्रिंजारी’ या उच्चारामुळे लोकप्रिय झाली असावी. भाषिकदृष्ट्या पहिली अधिक सरळ आहे आणि बहुतेक अभ्यासकांचा कलही तिकडेच आहे. लमाण, लभाण ही नावे ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आली, यावर सहसा वाद नाही. जुन्या कागदांतील ‘वंजारी’ हा शब्द धंद्याचा वाचक आहे. महाराष्ट्रातील आजचा वंजारी समाज व बंजारा समाज हे वेगळे आहेत, म्हणून कागदातला प्रत्येक वंजारी कोणत्या समाजाचा हे शब्दावरून ठरवू नये.

धान्याची ने-आण करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा उल्लेख याहून जुना आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी अलाउद्दीन खलजीने दिल्लीतील भाव बांधून दिले, तेव्हा ‘कारवानी’ लोकांना बायकामुलांसह यमुनाकाठी वसविल्याचे इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. हे कारवानी म्हणजेच पुढील काळातील बंजारे, असे काही इतिहासकार मानतात. धंद्याच्या दृष्टीने साम्य निर्विवाद आहे. वंशपरंपरा मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

बैल, गोणी आणि वेग : बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी टाकीत. गाडी नसल्यामुळे घाट, नाले आणि चिखल यांचे वावडे नसे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा एक धान्याचा तांडा भेटला. बायकामुले, संसार सगळे बरोबर, आणि दिवसाची मजल फार तर सहा-सात मैल, तीही उन्हाआधी, असे तो लिहितो. दर बैलावर चार मोठे मण ओझे होते, हे त्याचे विधान सर्वत्र उद्धृत होते. पण त्याने पुढे केलेला हिशेब तपासून घ्यावा लागतो. एक मण म्हणजे सुमारे सोळा गॅलन धरून त्याने एकूण १,१२,००० बुशेल धान्य काढले आहे. त्याचा गुणाकार बरोबर आहे. मात्र त्या मापाने एका बैलावर दोनशे किलोंहून अधिक ओझे येते, आणि मजल दरमजल चालणाऱ्या लादीच्या बैलाला ते पेलणारे नाही. त्या वेळचा बादशाही मण ३०-३५ किलोंचा धरल्यास चार मणांचे सव्वाशे किलोंच्या आसपास होतात. हा आकडा पटण्यासारखा आहे. त्या हिशेबाने हा एक तांडा साडेसतराशे टन धान्य वाहत होता.

इतक्या मोठ्या जनावरांच्या कळपाला घरचा चारा पुरविला असता तर धान्याचा भाव कोणालाच परवडला नसता. बैल वाटेवरच्या माळावर चरत जात, म्हणून मजल छोटी आणि वाहतूक स्वस्त. दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला की अरुंद वाटेवर दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे, अशी तक्रार ताव्हेर्न्ये या फ्रेंच प्रवाशाने केली आहे. मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांचीच गोल भिंत रचीत, आत माणसे, आणि राखणीला कुत्री. गोरबोलीत (बंजाऱ्यांच्या बोलीत) या साऱ्या व्यापाराला ‘लदेणी’ म्हणतात.

धान्यापेक्षा वैरण : स्वारीची खरी मर्यादा माणसांच्या पोटाने नव्हे, घोड्यांच्या व बैलांच्या पोटाने ठरत असे. तांडा गहू, तांदूळ, हरभरा आणू शके. गवताचे भारे शंभर कोसांवरून आणणे कोणालाच परवडत नसे. गवत जागेवरच मिळाले पाहिजे, आणि ते आणायला रोज ‘कही’ म्हणजे वैरण गोळा करणारी टोळी बाहेर पडली पाहिजे. कही कापली गेली की छावणी आठ-पंधरा दिवसांत खिळखिळी होई. शत्रूने गवत जाळले, तळी फोडली तर तांड्याचे बैलही त्याच उपासमारीत सापडत. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र (१६७३, काहींच्या मते १६७४) या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-वैरण आताच मागाल तसा संपविला तर पुढे घोडी मरू लागतील, मग रयतेकडून ओरबाडाल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत तपशील आहे. गनिमापेक्षा उंदराचे भय अधिक वाटावे, असा हा वैरणीचा प्रश्न होता.

जंगी-भंगी ताम्रपटाचा वाद : तांड्यांच्या लष्करी इतिहासात सर्वाधिक चर्चा झालेले साधन म्हणजे जंगी-भंगी नायकांचा ताम्रपट. वऱ्हाडातील तत्कालीन वणी जिल्ह्याचे (आजचा यवतमाळ) इंग्रज अधिकारी कंबरलेज यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतामुळे तो विशेष माहीत झाला. त्यांच्या मते १६३० च्या सुमारास शाहजहानचा वजीर आसफखान दख्खनवर आला, तेव्हा राठोड कुळीचे जंगी-भंगी १,८०,००० बैल आणि वडत्या कुळीचा भगवानदास ५२,००० बैल घेऊन फौजेबरोबर होते. आसफखानाने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला :

रंजन का पानी, छप्पर का घास,
दिन के तीन खून माफ,
और जहाँ आसफ जाह के घोड़े
वहाँ भंगी जंगी के बैल.

पाठभेद आहेत, पण अर्थ एकच. पाणी मिळाले नाही तर शिपायांच्या रांजणातले घ्या, चारा नसेल तर छपरावरचे गवत ओढा, रोज तीन खून पडले तरी माफ. मात्र माझे घोडे जिथे, तिथे तुमचे बैल हजर पाहिजेत.

आसफ जाह म्हणजे नेमका कोण, हा पहिला प्रश्न. ताम्रपट हैदराबादेत नायकाच्या वंशजांकडे असल्याचे सांगत, म्हणून काही लेखनात तो पहिल्या निजामाशी जोडलेला आढळतो. निजामाला आसफजाह हा किताब १७२५ मध्ये मिळाला, त्यामुळे तसे मानल्यास ताम्रपट जवळजवळ शंभर वर्षे अलीकडे येतो. परंतु शाहजहानच्या वजिरालाही आसफजाह ही पदवी होती. केवळ किताबावरून निवाडा करता येत नाही.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. वरील हिशेबाने १,८०,००० बैल म्हणजे २२,५०० टन धान्य. दीड लाख माणसांच्या छावणीला रोज माणशी पाऊण किलो धरले तरी हे धान्य दोनशे दिवस पुरावे. प्रत्यक्षात आसफखानाची विजापूरवरील मोहीम (१६३१ च्या अखेरीस निघालेली) फसली ती दाणा-वैरणीच्या टंचाईने. दख्खनमध्ये १६३० पासून भीषण दुष्काळ होता, विजापूरकरांनी भोवतालचा मुलूख आधीच उजाड केला होता, आणि थोड्याच दिवसांत मोगलांनी वेढा उठवून मिरजेच्या बाजूला मोर्चा वळविला. दोन लाखांवर बैल दिमतीला असलेल्या फौजेची ही अवस्था होणे कठीण. आकडा कुळीच्या एकूण बैलांचा असावा आणि ते कधीच एका ठिकाणी नसावेत, हे स्पष्टीकरण जास्त पटते.

मजकुराच्या भाषेकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही. मोगल दरबाराची सनद फार्सीत असायला हवी. या ओळी बोलीतल्या हिंदुस्थानीत आहेत, सहज पाठ होतील अशा आहेत, आणि ‘रंजन’ हा आपला दख्खनी रांजणच दिसतो. सनद खरोखर दिली गेली असेल, पण आपल्यापुढे असलेला पाठ तिची नक्कल नसून तांड्यात मुखोद्गत झालेले तिचे रूप असावे. साल काहीही असो, करारातील देवाणघेवाण विश्वसनीय आहे. सेनापती आपल्याच शिपायांचे पाणी आणि छप्पर नायकाला देतो. यावरून गरज कोणाची अधिक होती, ते कळते.

श्रीरंगपट्टण, १७९१–९२ : तांड्यांवाचून आणि तांड्यांसह अशी एकाच लक्ष्यावरची दोन आक्रमणे लागोपाठ पाहायला मिळतात, म्हणून ही मोहीम महत्त्वाची. मार्च १७९१ मध्ये बंगळूर घेतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस मेच्या आरंभी टिपूच्या राजधानीवर निघाला. टिपूने वाटेवरचा मुलूख ओस पाडला होता, पाऊस लवकर लागला आणि तोफा ओढणारे बैल पटापट मेले. १५ मे रोजी अरकेरेची लढाई जिंकूनही वेढा घालता येईना. अखेर किल्ला फोडण्यासाठी एवढ्या कष्टाने आणलेल्या मोठ्या तोफा स्वतःच निकामी करून फौज मागे फिरली.

परतीच्या वाटेवर मेलुकोटेच्या परिसरात काही स्वार दिसले. टिपूचे समजून गोळीबाराची तयारी झाली. ते हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेचे निघाले. मराठे इतके जवळ आल्याचे इंग्रजांना ठाऊकच नव्हते, कारण टिपूचे लोक जासूद वाटेतच पकडीत. उपाशी इंग्रजी फौजेला मराठ्यांच्या छावणीतला बाजार पाहून काय वाटले, याची वर्णने मिळतात. धान्य, बकरी, कोंबड्या तर होत्याच. शिवाय बनाती (लोकरी कापड), काश्मिरी शाली, जवाहीर आणि बर्मिंगहॅमचे चाकूसुद्धा. भाव अर्थातच चढे लावले होते, आणि त्याबद्दल इंग्रज इतिहासकारांनी कुरकुर केली आहे. ती अस्थानी वाटते. तो बाजार सरकारी कोठार नव्हता. भाव मिळतो म्हणूनच तो फौजेबरोबर चालत होता.

कॉर्नवॉलिसने धडा घेतला. पुढील हिवाळ्यातल्या तयारीत कॅप्टन रीड याने तांड्यांच्या नायकांशी बोलणी करून त्यांना कंपनीच्या छावणीकडे वळविले. फेब्रुवारी १७९२ मध्ये तीच फौज पुन्हा श्रीरंगपट्टणपुढे उभी राहिली, तेव्हा अन्नाची ओरड नव्हती. मार्चमध्ये टिपूला तह करावा लागला.

इतर मोहिमा : कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याने १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध हीच पद्धत चालविली. कंपनीचे पगारी बैल आणि स्वतंत्र व्यापार करणारे तांडे हा भेद त्याच्या पत्रव्यवहारात काटेकोरपणे पाळलेला आहे. नद्या पावसाळ्यात भरलेल्या असताना मराठी घोडदळाच्या हालचालींना अडथळा होईल आणि आपण चामड्याने मढविलेल्या गोल नावांतून पार होऊ, असा त्याचा अंदाज होता. ऑगस्टमध्ये अहमदनगर घेऊन त्याने ते पुढील हालचालींचे ठाणे केले. असईची लढाई २३ सप्टेंबरची. पानिपतावर (१७६०–६१) याच्या उलटे घडले. दुआबातून रसद जमविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, पतियाळाच्या आलासिंगाकडून येणारे धान्यही पुढे तुटले, आणि अफगाण स्वारांनी वाटा धरल्यावर कितीही भाव देऊ केला तरी गोणी आत येणे शक्य राहिले नाही.

ऱ्हास : पक्के रस्ते, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रेल्वे आणि लष्कराची स्वतःची पुरवठा खाती यांमुळे तांड्यांचे काम संपले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये पुढे अनेक ठिकाणी बंजाऱ्यांची नोंद झाली आणि त्यांच्या फिरण्यावरच निर्बंध आले. ही नोंदणी १९५२ मध्ये रद्द झाली. विदर्भ, मराठवाडा व तेलंगणात बरेच तांडे शेतीवर स्थिरावले. तरीही ताम्रपटाचा धारक वारला की निजामाने वारसाला मान्यता देऊन खिलत (मानाचा पोशाख) द्यायची, हा रिवाज कंबरलेज यांनी आपल्या वृत्तांतात नोंदविला आहे.