ध्यान-शिबिर आणि बुद्धस्थळांची यात्रा : निघण्यापूर्वी हे वाचा

आम्ही प्रवासाची आणि मुक्कामाची व्यवस्था करतो. आमच्याकडे बोधगया, सारनाथ, इगतपुरी, धरमशाळेची चौकशी करायला तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात. कुणी बुद्धवंदना ऐकतच मोठं झालेलं असतं आणि आई-वडिलांना एकदा महाबोधी महाविहार दाखवायचा असतो. कुणाला कामाच्या रगाड्यातून बाजूला होऊन शांत बसायला शिकायचं असतं. परदेशात स्थायिक झालेली आपली माणसंही डिसेंबरच्या सुट्टीत याच ओढीने येतात. सगळ्यांना आम्ही आधी एकच विचारतो : बसायचं आहे की फिरायचं आहे? आठ-दहा दिवसांच्या रजेत दोन्ही कोंबलं की एकही धड होत नाही. म्हणून तसा कार्यक्रम आम्ही आखून देत नाही.

बसायचं असेल तर

नवख्या माणसाला आम्ही सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना (म्हणजे शरीरावरच्या संवेदना तटस्थपणे पाहण्याचं ध्यान) शिबिर सुचवतो. गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. आज पुण्याजवळ मरकळला, नागपूरला, बोधगयेला आणि सारनाथलाही केंद्रं आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शिबिराची जागा आम्ही देत नाही आणि देऊही शकत नाही. राहणं, जेवण, शिकवणं यांचं शुल्क नसतं; शिबिर पूर्ण केलेल्यांनी स्वेच्छेने दिलेल्या दानावर सगळं चालतं. अर्ज तुम्ही स्वतः, केंद्राच्या संकेतस्थळावर भरायचा. जागेसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आमचा आकार फक्त प्रवासाचा आणि शिबिराच्या आधी-नंतरच्या मुक्कामाचा.

दिवस कसा जातो, ते माहीत असलेलं बरं. पहाटे ४ ला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू. अकराला जेवण, तेच दिवसाचं शेवटचं. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं, जुन्यांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, नुसतं लिंबूपाणी. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. फोन, पुस्तक, वही-पेन सगळं जमा. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांच्या भल्याची कामना करण्याचं ध्यान, होईपर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणं-खुणा सगळं बंद. आचार्यांना शंका विचारता येते आणि व्यवस्थेची अडचण धम्मसेवकांना सांगता येते. जप, पूजा, योगासनंही तेवढे दिवस थांबवायची असतात. माळकरी मंडळींना हे जड जातं, म्हणून आधीच विचार करून ठेवा.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि मग दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसण्याचं अधिष्ठान. गुडघे बोलू लागतात, पाठ भरून येते, बऱ्याच जणांना घरी पळावंसं वाटतं. त्या वेळी उठून न जाता आचार्यांशी बोला. मांडी घालता येत नसेल तर अर्जातच लिहा, खुर्ची मिळते. मानसिक आजार असेल, गोळ्या चालू असतील तर काहीही लपवू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि औषधं परस्पर बंद करू नका. या बाबतीत आम्ही कुणाला आग्रह करत नाही.

अभ्यासाची आवड जास्त असेल तर हिमाचलातलं धरमशाळा बघा. तिथल्या तिबेटी ग्रंथालयात बौद्ध तत्त्वज्ञानाचे वर्ग चालतात आणि मॅक्लिऑडगंजच्या वरच्या अंगाला तुषिता केंद्रात नवख्यांसाठी निवासी वर्ग असतात. शिकवणं इंग्रजीतून असतं.

फिरायचं असेल तर

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत बिहार आणि उत्तर प्रदेशात दाट धुकं पडतं, गाड्या तासन् तास रखडतात. त्या दिवसांत विमानाचं पुढचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. वैशाखी पौर्णिमेचा सोहळा मोठा, पण ऊन सोसवत नाही, ज्येष्ठांना तर नाहीच.

बोधगयेला किमान तीन रात्री राहा. महाविहार पहाटे ५ ला उघडतो आणि तीच वेळ खरी. बोधिवृक्षाखाली थायलंड, श्रीलंका, तिबेटची माणसं आपापल्या भाषेत वंदना म्हणत असतात, लाकडी फळ्यांवर दंडवत घालणारे तिबेटी भिक्खू घामाघूम झालेले असतात. आपणही कडेला बसून त्रिशरण-पंचशील म्हणावं. मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. थंडीत फरशी बर्फासारखी लागते, जाड पायमोजे घ्याच. पिंपळाचं पान आपोआप गळलेलं मिळालं तर घ्या, तोडू नका.

राजगीरची गृध्रकूट टेकडी आणि नालंदा एका दिवसात होतात. सारनाथचं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष तिथेच आहे, त्यामुळे वार बघून जा. कुशीनगरला महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपाशी घाई करू नका. आमचे चालक तिथे थांबायला तयार असतात.

लुंबिनी नेपाळात आहे. भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रत जवळ हवी. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, नेपाळचा व्हिसा लागतो. सोबत परदेशी मित्र असेल तर त्याच्या भारतीय व्हिसावर पुन्हा आत येता येतं का, आणि तेही रस्त्याच्या सीमेवरून, हे आधी तपासा. त्याच्या व्हिसाची प्रत आम्हाला दाखवल्याशिवाय लुंबिनीचं आरक्षण आम्ही करत नाही.

तारखा ठरवताना

दहा दिवसांच्या शिबिराला बारा दिवस धरा. आदल्या दिवशी दुपारी नोंदणी असते, अकराव्या दिवशी सकाळी सुट्टी होते. परतीची गाडी दुपारनंतरची घ्या आणि लगेच दुसऱ्या दिवशी कामावर हजर होऊ नका. दहा दिवसांच्या मौनानंतर फोनचा आवाजही अंगावर येतो, म्हणून दोन दिवस मोकळे राखा.

केंद्राकडून नाव पक्कं झाल्याचं कळलं की मगच आम्हाला फोन करा. तोपर्यंत तिकिटाची रक्कम आम्ही घेत नाही.