सेल नसलेली किल्ली गाडीशी बोलते कशी?

गेल्या जूनमधली गोष्ट. दाभोळच्या जेटीवर धोपाव्याला जाणारी फेरीबोट लागली, रांगेतल्या गाड्या चालू झाल्या, आणि माझ्या भाच्याची मोटारसायकल मात्र ढिम्म. ही बिनकिल्लीची गाडी. रिमोट खिशात ठेवायचा आणि बटण दाबायचं. दोन दिवस पावसात भिजलेल्या त्या रिमोटने मान टाकली होती. बॅगेत स्पेअर किल्ली होती, पण भाचा ती काढेना. म्हणाला, "मामा, हिच्यात सेलच नाही. ही काय कामाची?" मागचा टेम्पोवाला म्हणाला, वाटेत राखणदाराला नारळ द्यायचा राहिला, म्हणून हे झालं. सांगणारा आपुलकीनेच सांगत होता. पण असल्या कारणावर समाधान मानलं की खरं कारण शोधायचं राहून जातं, आणि रात्री घाटात गाडी अडली तर ते फार महागात पडतं.

आधी रिमोट का गेला ते बघू. त्यात सीआर2032 जातीचा सेल होता. 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी, 3 व्होल्ट. बटण दाबलं की गाडी साधारण 125 किलोहर्ट्झची हाक मारते आणि रिमोट बहुधा 433 मेगाहर्ट्झवर ओ देतो. हाक ऐकत राहायला अगदी थोडी वीज पुरते, उत्तर द्यायला मात्र क्षणभर बरीच लागते. जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो, त्यामुळे मल्टिमीटर लावला तर आकडा ठीक दिसतो आणि ऐन वेळी व्होल्टेज कोसळतो. त्यात आपली कोकणची हवा. शुद्ध मीठसुद्धा 75 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याच्याही आधी ओलं होतं. पावसाळ्यात रिमोटच्या फटीतून आत गेलेलं मीठ असं ओलं राहतं, पत्र्याचे संपर्क गंजवतं आणि सेलची वीज हळूहळू गळू देतं.

आता स्पेअर किल्ली. तिच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिप आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. गाडीतही ठरावीक जागी एक वेटोळं असतं. दहावीत शिकलेलं विद्युत चुंबकीय प्रवर्तन आठवा. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं की एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. गाडीचं वेटोळं सेकंदाला सव्वा लाख वेळा चुंबकक्षेत्र पालटतं, त्यातून किल्लीच्या वेटोळ्यात वीज उपजते आणि त्या विजेवर चिप जागी होते. म्हणजे किल्लीला लागणारी वीज गाडीच पुरवते.

पण क्षेत्र तर क्षीण असतं, मग चिप चालवण्याइतका व्होल्टेज येतो कुठून? पडवीतला झोपाळा डोळ्यांसमोर आणा. लहान मूलसुद्धा मोठ्या माणसाला झोके देऊ शकतं, मात्र प्रत्येक धक्का झोक्याच्या लयीत बसला पाहिजे. किल्लीतलं वेटोळं आणि त्याला जोडलेला धारित्र, म्हणजे वीज साठवणारा कपॅसिटर, मिळून असाच एक विजेचा झोपाळा होतो आणि त्याची लय गाडीच्या लयीशी जुळवलेली असते. बारीक बारीक धक्के साठत जातात आणि व्होल्टेज वाढतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

आणि उत्तर? इथे तर मला हे तंत्र विलक्षण सुंदर वाटतं. झोपाळ्यावर बसलेल्याने पाय जमिनीला घासला, तर ढकलणाऱ्याच्या हाताला ओढ जाणवते. पाय घासला, उचलला, पुन्हा घासला. एवढ्यावर खुणेची भाषा तयार होते. बऱ्याच किल्ल्यांतली चिप हेच करते. ती आपल्या वेटोळ्यावरचा भार कमीजास्त करते आणि त्याचा फरक गाडीच्या वेटोळ्यातल्या व्होल्टेजमध्ये उमटतो. किल्ली स्वतः काहीही प्रक्षेपित न करता बोलते.

बोलते काय, तर गाडी दर वेळी एक नवीन यादृच्छिक संख्या पाठवते. किल्ली आपल्या पोटातल्या गुप्त संख्येशी तिचं गणित करून उत्तर देते, गाडीही तेच गणित करते आणि दोन्ही जुळली तरच इंजिनाला परवानगी मिळते. गुप्त संख्या बाहेर पडतच नाही, त्यामुळे एकदाचं संभाषण चोरून ऐकलं तरी पुढच्या वेळी त्याचा उपयोग नाही. अर्थात गुप्त संख्या लांब हवी. 40 बिटांच्या, म्हणजे 0 किंवा 1 अशा 40 अंकांच्या, संख्येत सुमारे 1.1 लाख कोटी शक्यता असतात, तरी तशी एक प्रचलित चिप संशोधकांनी 2005 मध्ये फोडून दाखवली. बिनकिल्लीची गाडी चोरीला जातच नाही, हा प्रचार म्हणूनच खरा मानू नका. रिमोटचा संदेश दोन यंत्रांनी लांबवर पोचवूनही चोऱ्या झाल्या आहेत.

हे कळलं की वापरायची रीत आपोआप कळते. वेटोळ्यापासून जरा दूर गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट, तर जोर आठवा हिस्सा. म्हणून किल्ली गाडीवर नेमक्या जागी टेकवावी लागते. ती जागा मॅन्युअलमध्ये असते आणि प्रत्येक गाडीत वेगळी असते. काही गाड्यांत त्याऐवजी साधी धातूची किल्ली चालते, तर हार्ले-डेव्हिडसनसारख्या गाड्यांत इंडिकेटरच्या बटणांनी पाच आकडी पिन भरता येतो.

आम्ही मॅन्युअलमध्ये जागा शोधून किल्ली टेकवली. काहीच नाही. किल्लीला पितळेचा जाड गणपती लटकवलेला होता. धातूत विजेचे भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात, ते क्षेत्राला विरोध करतात आणि झोपाळ्याची लयही बिघडवतात. गणपती खिशात ठेवला, किल्ली पुन्हा टेकवली, आणि डॅशबोर्डवरचे दिवे लागले. तोवर आमची बोट निम्मी खाडी ओलांडून गेली होती.

पुढच्या बोटीची वाट बघताना भाच्याने विचारलं, "मग गाडीचीच बॅटरी बसली तर?" तर ही किल्लीही मुकी होणार, कारण झोके देणारंच कुणी उरत नाही. तेव्हा आधी गाडीच्या बॅटरीला बाहेरून वीज द्यायची. धोपाव्याला उतरल्यावर त्याने रिमोटसाठी नवा सेल घेतला. जुना सेल मी मात्र चिकटपट्टी गुंडाळून माझ्याकडे ठेवून घेतला. हे सेल लहान मुलाने गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, आणि संपलेला वाटणारा सेलही ते करू शकतो.