आराखड्यातला हिरवा रंग कायमचा नसतो

'प्रादेशिक आराखड्यात शेत हिरव्या रंगात दाखवले, म्हणजे ते कायमचे सुरक्षित झाले' ही समजूत गोव्यात अनेक वर्षे रूढ आहे, पण ती खरी नाही. 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली तयार झालेला 'प्रादेशिक आराखडा 2021' भातशेती, खाजन जमिनी (भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून राखलेल्या सखल जमिनी) आणि डोंगरउतार वेगळे दाखवतो, हे मोलाचे आहे. मात्र त्याच कायद्यात आराखडा बदलण्याच्या वाटाही आहेत. 2023 मध्ये आलेल्या कलम 17(2) ने आराखड्यातील चूक किंवा विसंगती दुरुस्त करण्याच्या नावाखाली सुट्या जमिनींचे क्षेत्र, म्हणजे आराखड्यात ठरवलेला वापराचा प्रकार, बदलण्याची मुभा दिली. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द ठरवले. त्याआधीच, 2024 मध्ये, कलम 39(अ) आले होते. त्यात अर्जावरून क्षेत्रबदल सुचवता येतो आणि लोकांना हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. गावाच्या दृष्टीने ही मुदत फारच तोकडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकेका सर्व्हे क्रमांकाचा बदल किरकोळ वाटतो, पण असे बदल साचत गेले की खाजनाचा बांध आणि पाण्याची वाट दोन्ही धोक्यात येतात.

उलट टोकाची समजूतही चुकीची आहे: क्षेत्र बदलले म्हणजे बांधकामाचा हक्क लगेच मिळाला, असे होत नाही. त्यासाठी जमीन महसूल संहितेखालील रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती वापरासाठी बदलण्याची परवानगी) वेगळी घ्यावी लागते, आणि कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन 1991 च्या भूवापर नियमन कायद्यानुसार शेतीसाठीच वापरायची असते.