एमा ही एमिलीची धाकटी नव्हे

पुण्यात जर्मन शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तकातल्या माणसांची ओळख होते, त्यात एखादी एमा आणि एखादी एमिली हमखास असते. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो: "मॅडम, एमा म्हणजे एमिलीचं घरातलं नाव ना? सरस्वतीची सरू होते तसं?"

प्रश्न रास्त आहे आणि अर्धा बरोबरही आहे. एमा हे खरोखरच हाक मारता मारता आखूड झालेलं नाव आहे. फक्त ते एमिलीचं आखूड रूप नाही. मराठीत अनिल आणि अनल शेजारी शेजारी बसतात, पण एक वारा आणि दुसरा अग्नी. एमा आणि एमिली यांच्यातलं अंतर तेवढंच आहे: एक जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजी ज्या भाषाकुळातल्या त्यातली, दुसरी रोमन.

आधी एमा. जुन्या जर्मानिक भाषा बोलणारे लोक दोन शब्द जोडून नाव करत. हिल्ड म्हणजे लढाई, बेर्ट म्हणजे तेजस्वी, ट्रूड म्हणजे बळ, आणि गुंड म्हणजे पुन्हा लढाईच (आपल्या 'गुंड' शब्दाशी त्याचं नातं नाही). आईच्या नावातला एक तुकडा, वडिलांच्या नावातला एक, असं जोडूनही बाळाचं नाव ठरे. त्यामुळे जोडलेल्या नावाचा सलग अर्थ लागलाच पाहिजे असा आग्रह नसे. हिल्डेगुंड हे बाईचं नाव घ्या, शब्दशः 'लढाई-लढाई'. यातला 'गुंड' गॉथ या जर्मानिक लोकांबरोबर स्पेन-पोर्तुगालात पोचला, तिथल्या गोन्साल्वो या नावात राहिला, आणि पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आला. गोव्यात आणि वसईत गोन्साल्विस आडनावाची घरं आहेत, त्या आडनावाच्या पोटात तो आजही आहे.

याच तुकड्यांपैकी एक 'एर्मेन' किंवा 'इर्मिन'. अर्थ: सगळं, अखंड, विश्वाला व्यापणारं. सॅक्सन लोकांच्या पूजेतल्या मोठ्या खांबाला इर्मिनसूल म्हणत. फ्रँक लोकांचा राजा आणि पुढे बादशहा झालेला शार्लमेन यानं तो ७७२ मध्ये पाडला. एर्मेनगार्ड, इर्मगार्ड, एर्मेनट्रूड, इर्मट्राउट ही बायकांची नावं याच शब्दावर उभी आहेत. शेतातून, अंगणातून दिवसभर हाका मारायला ती लांबच. त्यांची एमा झाली, कुठे इमा, कुठे हेमा. हो, चक्क हेमा. ऑस्ट्रियातल्या कॅरिंथिया प्रांतात गुर्क नावाचं गाव आहे. तिथल्या मठाची स्थापना करणारी हेमा १०४५ मध्ये वारली आणि १९३८ मध्ये चर्चनं तिला संतपद दिलं. आपली हेमा सोन्याची, ती हेमा अखंडतेची. वर्गात हे सांगितलं की हेमा नावाची विद्यार्थिनी असो वा नसो, सगळे एकदम सावरून बसतात.

शार्लमेनचं चरित्र लिहिणाऱ्या आइनहार्डच्या बायकोचं नाव एमा, तेव्हाच्या लिखाणात इमा. ती ८३६ च्या सुमारास गेली तेव्हा आइनहार्ड पार कोसळला होता. त्याचा शोक पत्रांतून आपल्यापर्यंत आला आहे. लोकांनी मात्र तिला बादशहाची मुलगी करून टाकलं. कथा अशी, की एका रात्री दोघं भेटले आणि बाहेर बर्फ पडला. पहाटे पुरुषाच्या पावलांचे ठसे दिसू नयेत म्हणून तिनं त्याला पाठीवर घेऊन अंगण ओलांडलं. शार्लमेनला अशी मुलगी नव्हती, पण गोष्ट हजार वर्षं टिकली.

मला त्याहून जवळची वाटते ती उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेनची एमा. लेझुम हे तिचं गाव. श्रीमंत विधवा, १०३८ मध्ये वारली. दंतकथेप्रमाणे ब्रेमेनच्या लोकांनी तिच्याकडे गुरं चारायला जमीन मागितली. ती म्हणाली, एक माणूस तासाभरात जेवढ्या जमिनीला वेढा घालील तेवढी तुमची. तिचा नातलग ड्यूक बेनो चिडला आणि टोमणा मारून म्हणाला, मग तास कशाला, अख्खा दिवसच दे की! तिनं तो शब्द धरला. आता माणूस निवडायचा हक्क ड्यूकनं मागून घेतला आणि चालता न येणारा एक पांगळा भिकारी पुढे केला. तो माणूस दिवसभर सरपटत राहिला, आणि संध्याकाळी त्याच्या वेढ्यात प्रचंड कुरण आलं होतं. वामनाची तीन पावलं ज्यानं लहानपणी ऐकली आहेत त्याला ही कथा परकी वाटणार नाही; इथे फक्त देणारीचा बेत हाणून पाडायला निघालेलाच फसला. ब्रेमेनच्या मुख्य स्टेशनामागे ते मैदान आजही 'नागरिकांचं कुरण' या अर्थाच्या नावानं ओळखलं जातं, जवळच्या बागेतल्या तळ्याला एमाचं नाव आहे, आणि चौकातल्या रोलांड या वीराच्या पुतळ्याच्या पायांमध्ये त्या पांगळ्याचं डोकं कोरलेलं दिसतं.

इंग्लंडात हे नाव रुजवणारी एमा फ्रान्समधल्या नॉर्मंडीची. १००२ मध्ये तिचं लग्न इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्याशी झालं आणि सासरी तिला एल्फगिफू हे अस्सल इंग्रजी नाव मिळालं. तो वारल्यावर १०१७ मध्ये ती त्याच्या राज्याचा विजेता डेन राजा कनूट याची राणी झाली. दोन्ही नवऱ्यांपासूनचा एकेक मुलगा पुढे इंग्लंडच्या गादीवर बसला. तिच्या भावाचा नातू विल्यम यानं १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं. गादीवर हक्क सांगताना हे नातं त्याच्या कामी आलं. त्यानंतर तिकडे एमा इतकी घरोघर झाली की एमेट आणि एम्सन ही आडनावं तिच्यापासून निघाली. आईच्या नावावरून आडनाव, मध्ययुगात!

एमिलीचा उगम अगदी वेगळ्या ठिकाणी आहे. रोममध्ये एमिलियस हे बडं कुळ होतं. लॅटिनमध्ये 'एमुलस' म्हणजे बरोबरी करू पाहणारा, चढाओढ करणारा. कुळाचं नाव त्याच्याशी जोडतात. रोमन मुलीला सहसा स्वतःचं वेगळं नाव नसे. कुळनामाचं स्त्रीरूप तेच तिचं नाव, म्हणून त्या घरातल्या सगळ्या बहिणी एमिलिया. ओळखायचं कसं, तर 'पहिली', 'तिसरी' असं म्हणून. रोमचा कट्टर शत्रू हॅनिबल याला हरवणाऱ्या स्किपिओची बायको अशीच एमिलिया टेर्शिया, म्हणजे तिसरी एमिलिया. मला हे सांगताना दरवेळी वाईट वाटतं. ज्या नावानं आज एकेक मुलगी ओळखली जाते, ते एकेकाळी बहिणी वेगळ्या ओळखण्यासाठीही पुरत नव्हतं.

याच कुळातल्या मार्कस एमिलियस लेपिडस यानं इ. स. पू. १८७ मध्ये रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत सरळ रस्ता बांधला. त्याला 'व्हिया एमिलिया', म्हणजे एमिलियस कुळाचा रस्ता, म्हणत. पार्मा, मोडेना, बोलोन्या ही शहरं त्याच रस्त्यावर आहेत, आणि प्रांताच्या एमिलिया-रोमान्या या नावात तो रस्ता अजून आहे. म्हणजे एमिलीचे सख्खे नातलग शोधायचे तर ते उत्तर इटलीत, पार्मेझान चीजच्या मुलखात सापडतील. जर्मन मठांत नाही.

मग गोंधळ होतो कशामुळे? नुसत्या आवाजामुळे नाही. मध्ये एक तिसरी उभी आहे: अमाली. तीही जर्मानिक, पण 'एर्मेन'ची नव्हे. पूर्वेकडच्या गॉथ लोकांच्या राजघराण्याला अमाल म्हणत. थिओडोरिक राजाच्या मुलीचं नाव होतं अमालासुंथा. 'अमाल'ची अमालिया आणि रोमची एमिलिया एकमेकींत मिसळल्या आणि अमेलिया हे रूप पुढे आलं. इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्जची मुलगी राजकन्या अमेलिया, जन्म १७११. जर्मन घराण्यातल्या या मुलीला इंग्लंडात सगळे एमिली म्हणत. म्हणजे मुळं वेगळी असली तरी वापरणाऱ्यांनी सरमिसळ केलीच आहे, आणि ती चूक म्हणून पुसता येणार नाही. थोर गणितज्ञ एमी न्योटर हिचं १८८२ मध्ये ठेवलेलं नाव अमाली एमी. जर्मनमध्ये एमी हे एमाचंही लाडाचं रूप आहे आणि एमिलीचंही.

देवनागरीत आणखी एक अडचण. इंग्रजी मुलखातली एमी, जिचा अर्थ 'प्रिय' आणि जी फ्रेंचमधून आली, ती आणि ही जर्मन एमी आपण एकसारख्याच लिहितो. एमामध्ये तर रोमन लिपीतले दोन 'म' पाहून अनेक जण 'एम्मा' लिहितात. जर्मनमध्ये जोडाक्षर 'म' लांबवायला नसतं. आधीचा स्वर ऱ्हस्व आहे एवढंच ते सांगतं. म्हणून मी 'एमा' लिहिते. एमिलीचं जुनं जर्मन रूप मात्र चार अक्षरांचं, 'एमीलिए' असं काहीसं, आणि जोर दुसऱ्या अक्षरावर. कानाला सवय झाली की दोन्ही नावं परत कधी मिसळत नाहीत.

अलीकडे ती एकमेकींच्या पाठोपाठ लोकप्रिय झाली, त्यानंही भर पडली. अमेरिकेत १९९६ ते २००७ मुलींच्या नावांत एमिली पहिली, २००८ मध्ये एमा, आणि २०१४ ते २०१८ पुन्हा एमा. जर्मनीत १९०० च्या आसपास एमा घराघरात होती, मग ती आजीचं नाव झाली आणि नव्या शतकात पाळण्यात परतली. मधल्या काळात, १९७७ मध्ये, तिथल्या स्त्रीवादी मासिकानं हेच नाव घेतलं. मुक्तीसाठीच्या जर्मन शब्दाची सुरुवातही कानाला तशीच लागते.

एमाची सख्खी बहीण हवी असेल तर ती इर्मा. लांब नावं मात्र संपली, आता ती कुणी ठेवत नाही, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. दोन वर्षांपूर्वी मडगावची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, माझ्या आजीचं नाव एर्मेलिंडा." फळ्यावर लिहिलेल्या 'एर्मेन'कडे मी बघतच राहिले. पोर्तुगालहून आलेलं, न तुटलेलं, अख्खं नाव मडगावच्या एका घरात होतं. मी विचारलं, घरी काय म्हणतात तिला?

"लिंडा," ती म्हणाली. जर्मनीनं पुढचा तुकडा ठेवला, त्यांनी मागचा.