मामी जाड का दिसली?

गेल्या मे महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये आईबाबांच्या लग्नाची कॅसेट लावली होती. लग्न १९९१ सालचं. व्हीएचएसवरून पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेलं, आणि दाखवायला भाड्याने आणलेला प्रोजेक्टर. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि मागच्या खुर्चीतून मामी ओरडली, "अगं बाई, एवढी जाड होते मी? पंचेचाळीस किलोसुद्धा नव्हते तेव्हा!"

मामीचं बरोबर होतं. तिच्या कपाळावरचं गोल कुंकू पडद्यावर आडव्या अंड्यासारखं दिसत होतं. पूजेचं ताट, समई, भटजी, सगळेच आडवे सुटले होते. मावसभावाने रिमोट घेतला आणि 'झूम' केलं. कुंकू गोल झालं, पण आईच्या मुंडावळ्या वर कापल्या गेल्या आणि सप्तपदीत पावलंच दिसेनात!

गडबड चौकटीच्या आकाराची होती. जुन्या टीव्हीचं चित्र ४:३, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. आजचा पडदा १६:९. उंची ९ धरली तर जुन्या चित्राला रुंदी लागते १२, आणि पडदा देतो १६. उरलेल्या चार भागांचं काय करायचं, एवढाच प्रश्न. चित्र ताणलं तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. रुंदी भरेपर्यंत मोठं केलं तर वरून-खालून मिळून पाव चित्र छाटलं जातं. आणि तसंच ठेवलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, ज्या बघून कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, फुल स्क्रीन कर ना."

हा ४:३ आकार टीव्हीने सिनेमाकडून उचलला. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटर फिल्मवर, कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची चौकट घेतली. तिचा आकार झाला ४:३, आणि मूकपटांचा जमाना त्यावरच चालला. फाळक्यांचा १९१३ चा पहिला चित्रपटही त्याच चौकटीतला. पुढे टीव्ही घरोघरी पोचला, तशी थिएटरवाल्यांना प्रेक्षक निसटण्याची धास्ती पडली. घरात मिळणार नाही असं काहीतरी द्यायला हवं, म्हणून पडदा रुंदावला. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं, आपल्याकडे १९५९ मध्ये. त्याचं चित्र उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंद.

मग १६:९ कुठून आलं? १९८० च्या दशकात एचडी टीव्हीची आखणी चालू असताना कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने प्रचलित आकारांचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढून एकमेकांवर मध्यभागी ठेवले. त्या सगळ्यांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं गुणोत्तर १.७७ च्या आसपास निघालं. ते १.३३ (४:३) आणि २.३५ (सिनेमास्कोप) यांचं भूमितीय मध्य, म्हणजे दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ आहे. म्हणजे १६:९ पडद्यावर जुनी मालिका लावली तर पाव पडदा रिकामा राहतो, आणि सिनेमास्कोप चित्रपट लावला तरी जवळजवळ पावच. नुकसान दोघांना सारखं वाटून दिलंय. काळ्या पट्ट्या ही प्रोजेक्टरची खोड नव्हे, त्या या वाटणीतच आहेत. (गंमत म्हणून ४/३ ला ४/३ ने गुणून पाहा, बरोबर १६/९ येतात. पुन्हा एकदा गुणलं की २.३७, सिनेमास्कोपच्या दारात!)

तेव्हा माझं मत सरळ आहे: पट्ट्या राहू द्याव्यात. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चित्रात मधले १४४० आपले, दोन्हीकडचे २४० रिकामे. १०० इंची पडद्यावरही ८२ इंची चित्र मिळतं. त्या काळच्या २१ इंची टीव्हीपुढे तक्रार कसली?

तक्रार असलीच तर पट्ट्यांच्या रंगाची. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त उजेड फेकतो किंवा अडवतो. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये लाखो सूक्ष्म आरसे असतात. 'काळं' दाखवायचं तर आरसा उजेड भिंगाऐवजी दुसरीकडे वळवतो, पण थोडा उजेड विखरून बाहेर येतोच. त्यात पडदा पांढरा. म्हणून पट्ट्या राखाडी दिसतात. थिएटरात यासाठी बाजूचे काळे पडदे सरकवतात. आम्ही आईच्या संक्रांतीच्या दोन काळ्या साड्या टांगल्या. सुतीच घ्या, रेशमी चकाकते. साड्या लागताच मधलं चित्र जास्त उजळ वाटू लागलं. प्रोजेक्टर तोच, दिवा तोच, फक्त डोळ्याला तुलनेला खरा काळा मिळाला.

प्रोजेक्टर आणखी एक चुगली करतो. जुन्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनायचं, एकदा विषम ओळी, एकदा सम. दोन अर्ध्यांच्या मध्ये १/५० सेकंद जातो, आणि तेवढ्यात अक्षता पुढे सरकलेल्या असतात. दोन्ही अर्धी एकदम दाखवली की उडत्या अक्षतांना कंगव्यासारखे दात फुटतात. प्लेअरमध्ये 'डीइंटरलेस' चालू केलं की ते जातात. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी मात्र व्हीएचएसमुळेच. जुना टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड दडवायचा, म्हणून ती कधी दिसली नव्हती.

'झूम' अगदीच निरुपयोगी नाही. रुंद चित्रपट टीव्हीवरून टेप केलेला असेल, तर वर-खाली पट्ट्या चित्रातच असतात आणि बाजूंना पडद्याच्या. मधे पोस्टाच्या तिकिटाएवढा सिनेमा. तिथे खुशाल झूम करा, छाटलं जाईल ते काळंच.

आमच्याकडे मूळ दोष फाईलीत निघाला. उतरवून देणाऱ्याने तिच्यावर १६:९ चा शिक्का मारला होता आणि लॅपटॉपने तो प्रामाणिकपणे पाळला. प्लेअरमध्ये ४:३ निवडलं, काम झालं. पण मावसभावाला राहवेना. त्याने प्रोजेक्टरच्या मेनूतही ४:३ केलं. आता लॅपटॉपकडून पट्ट्यांसकट आलेलं अख्खं चित्र पुन्हा आवळलं गेलं आणि आत लग्न चक्क चौरस झालं. सगळं वऱ्हाड उपाशी असल्यासारखं दिसू लागलं.

मी रिमोटकडे हात नेला, तेवढ्यात मामी म्हणाली, "थांब, आता नको हात लावूस."